कॅमेऱ्याची गळती आणि कोल्हापूरचे मेस्त्री

१/
कोल्हापुरात खरी कॉर्नरला एक कॅमेरा स्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात घडवलेल्या चलच्चित्र कॅमेऱ्याची ती स्मृती. कॅमेऱ्याला मानवंदना देण्याची प्रथा कोल्हापूरकरांनी मोठ्या आस्थेने जपली आहे. तलवारीला, गादीला, तालमीच्या मातीला नमस्कार करणारी गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. कॅमेऱ्यासमोर हात जोडणारे गाव विरळाच. तरीही या अभिमानात एक उणीव राहून गेली आहे. कॅमेरा ‘पहिला’ होता, एवढे सर्वांना ठाऊक असते. तो घडवताना नेमके काय साधावे लागले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. हा धागा त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे, आणि त्यातून निघणाऱ्या आजच्या एका कर्तव्याविषयीही.

२/
कॅमेरा म्हणजे मूलतः एक अंधारी पेटी. भिंग प्रतिमा उमटवते हे खरे. पण ती टिकते पेटीतल्या अंधारामुळे. फिल्मवर हवा तेवढाच, हवा तेव्हाच आणि हव्या त्याच वाटेने प्रकाश पडला पाहिजे. नको त्या फटीतून किरण आत शिरला की चित्रावर पांढरा पट्टा, धूसर डाग किंवा ढगासारखी छाया उमटते. छायाचित्रकार याला ‘लाइट लीक’ म्हणतात. मराठीत प्रकाशगळती म्हणू. ‘रोल फॉग झाला’ ही फोटो स्टुडिओतली जुनी तक्रार पुष्कळदा याच दुखण्याची असे. कौलारू घराला पावसाची गळती, तशी कॅमेऱ्याला उजेडाची. आणि छपराची गळती शोधणाऱ्याला जे ठाऊक असते ते इथेही लागू पडते : डाग जिथे दिसतो, फट तिथेच असते असे नाही.

३/
आधी इतिहासाचा क्रम पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ प्रथम दाखवला गेला. सावे दादा म्हणून प्रसिद्ध असलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी पुढे इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. या दोन्ही मराठी माणसांनी यंत्र बाहेरून आणले आणि त्यावर प्रभुत्व मिळवले. कोल्हापुरात पुढचे पाऊल पडले. तिथे यंत्रच घडवायला घेतले गेले.

४/
आनंदराव आणि बाबूराव हे बंधू मूळचे मेस्त्री. ‘पेंटर’ हे नाव कर्तबगारीने मिळवलेले. बाबूरावांचे पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात या दोघांचा पश्चिम भारतात लौकिक होता. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यानंतर ते सिनेमाकडे ओढले गेले. आधी चित्रपट दाखवण्याच्या व्यवसायात त्यांनी पाऊल टाकले आणि त्याच काळात स्वतःचा कॅमेरा जुळवण्याचे प्रयत्न सुरू केले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तडीस नेले. भारतीय बनावटीचा पहिला चलच्चित्र कॅमेरा म्हणून ओळखला जातो तो हाच.

५/
इथे थोडे थांबायला हवे. चित्रपट दाखवणाऱ्या माणसाच्या हाती असतो तो प्रोजेक्टर. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही सख्खी भावंडे. ल्युमिएरांचे यंत्र तर चित्रण, छपाई आणि प्रक्षेपण ही तिन्ही कामे एकट्याने करी. दोन्हींत फिल्म झटक्याने पुढे सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. आणि सरकण्याच्या क्षणी शटर प्रकाश अडवते. म्हणून एक यंत्र समजले की दुसऱ्याची वाट सापडते, हे अर्धे खरे. उरलेले अर्धे अवघड आहे. प्रोजेक्टरमधून थोडा प्रकाश इकडेतिकडे सांडला तर फार बिघडत नाही. कॅमेऱ्यात उलट बाजूने सुईच्या टोकाएवढा प्रकाश शिरला तरी दिवसभराचे काम वाया जाऊ शकते. एक यंत्र उजेड बाहेर फेकते, दुसऱ्याला तो बाहेर रोखून धरावा लागतो.

६/
त्या काळच्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे फिरती तबकडी, एका बाजूने पाकळीसारखी कापलेली. हाताने दांडा फिरवायचा. सेकंदाला सुमारे दोन फेरे, प्रत्येक फेऱ्याला आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रे. तबकडी निम्मी उघडी असेल तर प्रत्येक चित्राला एक बत्तिसांश सेकंद प्रकाश मिळतो. तेवढ्याच उरलेल्या काळात आकड्याने फिल्म ओढून पुढची चौकट जागेवर आणायची. तबकडी आणि आकडा यांचा मेळ जरा चुकला, तर फिल्म हलत असतानाच तिच्यावर प्रकाश पडतो आणि चेहरा, आकाश, पांढरे धोतर अशा उजळ भागांतून उभ्या रेषा ओघळल्यासारख्या दिसतात. दिसायला ही गळतीच. पण पेटीला कुठेही फट नसते. दोष काळाचा असतो, जागेचा नव्हे.

७/
म्हणजे कोल्हापुरात तो कॅमेरा घडवणाऱ्यांना दोन प्रश्न एकत्र सोडवावे लागले : पेटी अंधारी राखणे, आणि शटरचा ताल फिल्मच्या चालीशी जुळवणे. दोन्हींची परीक्षा एकच, फिल्म धुऊन पाहणे. यंत्र चालताना ऐकून किंवा पाहून गळती कळत नाही. धुतलेल्या फिल्मवरच ती दिसते. मग डाग वाचायचा, कारण ओळखायचे, पेटी उघडायची, सुधारायची, पुन्हा फिल्म भरायची. कॅमेरा ‘बनवला’ या चार अक्षरी क्रियापदात ही सारी चाचणी दडलेली असते. यंत्र घडवणे आणि यंत्र दुरुस्त करणे यांच्यात आपण जी जात लावतो, ती या कामात टिकत नाही. जो बिघाड ओळखू शकत नाही, त्याला कॅमेरा घडवता येत नाही.

८/
पुढचा इतिहास परिचित आहे. तानीबाई कागलकरांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. ‘सिंहगड’मध्ये १९२३ साली कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम हे याच कंपनीत तयार झाले आणि १ जून १९२९ रोजी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ स्थापन केली; १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. कॅमेरा जुळवायला मदत करणारे दामले पुढे प्रभातच्या ध्वनिविभागाचे आधारस्तंभ झाले आणि फत्तेलालांसह ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शकही. हत्यारे हाती धरलेला माणूस दिग्दर्शक होऊ शकतो, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे.

९/
आता आजकडे येऊ. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांत सध्या दोन गोष्टी एकाच वेळी वाढताना दिसतात. एक, आजोबांच्या कपाटातला जुना फिल्म कॅमेरा बाहेर काढून त्यात रोल भरण्याची हौस. दुसरी, जुनी छायाचित्रे स्कॅन करून, डाग पुसून, रंग भरून सामायिक करण्याची हौस. दोन्ही चांगल्याच. पण दोन्हींत प्रकाशगळतीशी जो व्यवहार होतो, तो विचार करायला लावणारा आहे. नव्या छायाचित्रातली गळती ‘जुनेपणाची शोभा’ म्हणून मिरवली जाते; जुन्या छायाचित्रातली गळती ‘घाण’ म्हणून पुसली जाते. नेमके उलटे घडायला हवे. चालू कॅमेऱ्यातली गळती दुरुस्त करावी आणि जुन्या निगेटिव्हवरची गळती जपावी.

१०/
दुरुस्तीची पहिली पायरी निदानाची. निगेटिव्ह हाती घ्यावी. मोबाइलवरचे कापलेले चित्र उपयोगाचे नाही. डाग चौकटीच्या कडा ओलांडून दातेरी छिद्रांपर्यंत पसरला असेल, तर प्रकाश मागच्या दारातून, बिजागरीतून किंवा कडांच्या खाचांतून आला. कारण समोरून येणाऱ्या प्रकाशाला फिल्मसमोरच्या खिडकीची मर्यादा असते. तो चौकटीच्या आतच राहतो. डाग चौकटीच्या सीमेवर नीट कापल्यासारखा थांबत असेल, तर संशय शटर, भिंगाची बैठक किंवा घडीच्या कॅमेऱ्याचा भाता यांच्यावर घ्यावा. रंगीत फिल्मवर लालसर-नारिंगी गळती बहुधा पाठीमागून आलेली असते, कारण मागून येणारा प्रकाश फिल्मच्या लाल-संवेदी थराला आधी भेटतो.

११/
दुसरी खूण दिशेची. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते : वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. म्हणून छपाईत डाग वर उजवीकडे दिसत असेल, तर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून पाहताना फट खाली डावीकडे शोधावी. तिसरी खूण पुनरावृत्तीची. तोच डाग प्रत्येक चौकटीत त्याच जागी येत असेल तर यंत्राचा दोष. एखाद्याच चौकटीत आणि सूर्य समोर असतानाच येत असेल, तर ते भिंगातले परावर्तन, गळती नव्हे. काही चौकटींत गडद आणि काहींत फिकट असेल, तर ती चौकट किती वेळ खिडकीसमोर थांबून राहिली याचा तो हिशेब आहे. रात्रभर बंद खोलीत राहिलेल्या कॅमेऱ्यापेक्षा दुपारी जोतिबाच्या डोंगरावर गळ्यात लटकलेला कॅमेरा अधिक गळतो.

१२/
गळतीसारखे दिसणारे पण गळती नसलेले दोष वेगळे काढायला हवेत. कापडी पडद्याच्या शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक धावतात. दुसरा पडदा शेवटाला आपटून किंचित मागे उसळला, तर चौकटीच्या एका कडेला उजळ पट्टी येते. पडद्यांचा वेग जुळला नाही, तर चित्राची एक बाजू काळवंडते. या दोन्हींवर काळा रंग किंवा नवा फोम लावून काहीही साधत नाही; ते ब्रेक, तेल आणि ताण यांचे काम. निदानाआधी औषध देणारा वैद्य आणि डाग दिसताच चिकटपट्टी लावणारा हौशी दुरुस्तीकार, दोघांत फरक नाही.

१३/
संशय पडद्यावर आला की परीक्षा सोपी आहे. भिंग काढावे, मागचे दार उघडावे, खोलीत पूर्ण अंधार करावा. एका बाजूने छोटी विजेरी धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. सुईच्या टोकाएवढे छिद्रही ताऱ्यासारखे चमकते. ही परीक्षा शटर चढवलेल्या आणि सोडलेल्या अशा दोन्ही स्थितींत करावी, कारण दोन्ही वेळा खिडकीसमोर वेगवेगळा पडदा असतो. लायका, फेड, झोर्की अशा आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत भिंगावर झाकण न ठेवता ते उन्हाकडे रोखून ठेवले, तर भिंग सूर्य एकवटून कापडाला भोक पाडू शकते. लहानपणी भिंगाने कागद जाळतात तसेच. झेनिटसारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा आड असल्याने हा धोका कमी.

१४/
खात्रीसाठी एक रोल खर्चावा. पहिली चौकट भिंगावर झाकण ठेवून आणि पाठ उन्हाकडे करून काही मिनिटे ठेवावी. पुढच्या चौकटीला बिजागरीची बाजू उन्हात. त्यापुढच्या चौकटीला झाकण काढून, शटर न दाबता, भिंग उजेडाकडे. मात्र थेट सूर्याकडे कधीही नाही. प्रत्येक वेळी वहीत नोंद करावी. रोल धुतल्यावर कोणती चौकट काळी झाली ते पाहिले की फटीचा पत्ता मिळतो. या कृतीला प्रयोगशाळा लागत नाही, शिस्त लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत अनोळखी वाटू नये : एका वेळी एकच शक्यता तपासायची आणि तिला होकार किंवा नकार देणारा पुरावा स्वतः निर्माण करायचा.

१५/
उपचार दोषानुसार. गेल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अनेक जपानी कॅमेऱ्यांच्या दारांत फोमच्या पट्ट्या असतात. तो फोम काळाने विरघळून डांबरासारखा चिकट होतो. लाकडी काडीने तो खरवडावा, उरलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि नवी पट्टी किंवा काळा लोकरी धागा खाचेत बसवावा. चुरा पडद्यावर पडू देऊ नये. भात्याची छिद्रे बहुधा घड्यांच्या कोपऱ्यांत असतात. तिथे लवचिक काळा रंग पुरतो. कापडी पडद्याच्या बारीक छिद्रावर असाच रंग अगदी पातळ थरात द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत पडदा गुंडाळू नये. थर जाड झाला तर पडदा जड होऊन वेग बिघडतो. कापड जुन्या रेनकोटसारखे कडक होऊन तडकले असेल तर रंगाचा उपयोग नाही, पडदाच बदलावा लागतो. ते जाणत्याच्या हातचे काम.

१६/
जुन्या कॅमेऱ्याच्या रचनेत त्याच्या काळाचे रसायनही दडलेले असते. रोलवरचा आकडा पाहण्यासाठी पेटीकॅमेऱ्याच्या पाठीला लाल काच असे. फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती तोवर ती सुरक्षित होती, कारण अशा फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नाही. पुढे सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि तीच लाल खिडकी संशयास्पद ठरली. फिल्मच्या पाठीचा कागदच मग खरे संरक्षण उरला. म्हणजे कॅमेरा तोच, पण फिल्म बदलल्यामुळे तो ‘गळका’ झाला. बिघाड नेहमी झिजेचाच असतो असे नाही. वस्तू आणि तिचा काळ यांची ताटातूट झाली तरीही तो होतो. हे वाचता येण्यासाठी खिडकी बुजवण्याआधी ती तिथे का होती, हे विचारावे लागते.

१७/
आता जुन्या निगेटिव्हकडे. एखाद्या स्टुडिओच्या किंवा घराच्या पेटीत शेकडो निगेटिव्ह सापडतात. तारीख नाही, नाव नाही. अनेकांच्या डाव्या कडेला, त्याच उंचीवर, त्याच आकाराचा डाग असेल, तर त्या एकाच कॅमेऱ्याच्या असण्याची शक्यता बळकट होते. तो डाग काहींत लहान आणि काहींत मोठा असेल, तर फट वाढत गेली असावी असे मानून त्यांचा क्रम लावण्याचा प्रयत्न करता येतो. चौकटीवर जादा धूसरपणा असेल, तर त्या दृश्यानंतर रोल बराच काळ पुढे सरकला नाही, असा तर्क करता येतो. यांतील एकही खूण एकटी निर्णायक नाही. कॅमेरा एकच असला तरी छायाचित्रकार एकच असेल असे नाही. पण शिलालेखाच्या झिजलेल्या अक्षरावरूनही आपण अंदाज बांधतोच. मग चांदीच्या कणांवरची ही नोंद पुसून का टाकावी?

१८/
पुसण्याची घाई आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे फार सोपी झाली आहे. एक कळ दाबली की डाग नाहीसा होतो आणि त्याजागी चेहऱ्याचा उरलेला भाग, लुगड्याचा काठ, मागची भिंत ‘पूर्ण’ होते. पण ती भिंत कोणी पाहिलेली नसते. संगणकाने इतर हजारो भिंतींवरून ती रचलेली असते. जुने डार्करूमवाले वेगळे करत. गळतीच्या जागी निगेटिव्ह अधिक काळी असते. म्हणून छपाईच्या वेळी तेवढ्या भागाला हाताच्या आडोशाने अधिक प्रकाश देऊन खाली दबलेली प्रतिमा शक्य तितकी वर आणत. जे निगेटिव्हवर आहे तेच ते काढत. जिथे काहीच उरले नाही, तिथे पांढरे राहू देत किंवा रंगाने हात फिरवत; आणि तो हात ओळखू येई.

१९/
यावर एक रास्त आक्षेप आहे. घरातल्या माणसांना आजीचा चेहरा स्वच्छ हवा असतो. त्यांना चांदीच्या कणांचे काय? खरेच आहे, आणि तो अधिकार त्यांचाच. भिंतीवरच्या फ्रेमसाठी डाग जरूर पुसावा. मात्र न पुसलेला, न कापलेला, कडांसह पूर्ण स्कॅन आधी वेगळा जपावा. आणि सुधारलेली प्रत ‘सुधारलेली’ म्हणूनच द्यावी. तिला ‘मूळ दुर्मीळ छायाचित्र’ म्हणणे हा खोटेपणा आहे, तो भक्तीने केला असला तरी. बखरीतल्या भरीव मजकुराबद्दल जी कठोरता तरुण अभ्यासक दाखवतात, ती छायाचित्राच्या बाबतीत सैल होण्याचे कारण नाही.

२०/
दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा. डागच जपायचा, तर कॅमेरा तरी दुरुस्त का करावा? जुना पडदा, जुना फोम हाही पुरावाच नव्हे काय? इथे वस्तूचा दर्जा पाहावा लागतो. ज्या यंत्राची दुसरी प्रत नाही, त्याला हात लावू नये. ते समजून घ्यायचे असेल तर मोजमापे घेऊन प्रतिकृती करावी. पण अग्फा क्लिक थ्री, यशिका, झेनिट हे मोठ्या संख्येने बनलेले कॅमेरे. शोकेसमध्ये बंद पडून राहण्यात त्यांचे जतन नाही. वापराविना तेल सुकते, पडदा चिकटतो. ते चालते ठेवणे म्हणजेच ते जपणे. अट इतकीच की दुरुस्ती शक्यतो उलटवता येण्याजोगी असावी, उघडण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, काय बदलले ते लिहून ठेवावे आणि काढलेला पडद्याचा तुकडा पाकिटात घालून कॅमेऱ्यासोबत ठेवावा.

२१/
यात खरी जोखीम कॅमेऱ्यांपेक्षा माणसांच्या ज्ञानाची आहे. वस्तू कपाटात टिकते, हात टिकत नाही. कोणत्या स्क्रूला उलटे आटे आहेत, कोणता स्प्रिंग उघडताच उडतो, पडद्याला किती फेरे ताण द्यायचा, हे कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याच्या बोटांत असते आणि क्वचितच कागदावर उतरते. डिजिटल कॅमेरा आल्यावर या कारागिरांचे काम आटले. त्यांची मुलाखत घेताना आपण ‘तेव्हा कोणकोणते नट स्टुडिओत येत’ असे विचारतो. ‘गळती कशी शोधायचात’ हे विचारत नाही. मौखिक इतिहासात मेस्त्रीला साक्षीदार मानले जाते, जाणकार मानले जात नाही. बाबूरावांच्या शहरात तरी हे व्हायला नको.

२२/
चित्रपटांच्या बाबतीत ही किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. मूकपटांच्या काळातला बहुतांश ठेवा हरपला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांचीही बहुतांशी तीच गत झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर फार उशीर झालेला होता; आणि नायट्रेट फिल्म इतकी ज्वालाग्राही की जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत जपलेले साहित्यही जळाले. फिल्म गेली की तिच्यावरच्या यंत्राच्या खुणाही गेल्या. कोल्हापुरात घडलेल्या त्या कॅमेऱ्याचे शटर कसे चाले, याचा सर्वांत बोलका पुरावा त्याने टिपलेल्या फिल्मवरच असणार होता. म्हणून जे उरले आहे, घराघरांतल्या निगेटिव्ह, स्टुडिओंच्या काचा, बंद पडलेले कॅमेरे, त्याबाबत तीच बेफिकिरी पुन्हा नको.

२३/
करता येण्याजोगे काम मोठे नाही. खरी कॉर्नरच्या स्तंभाला हार घालण्याच्या दिवशीच, त्याच चौकात किंवा जवळच्या एखाद्या शाळेत, एक यांत्रिक कॅमेरा मुलांसमोर उघडावा. पडदा कसा धावतो, अंधार कसा राखला जातो, गळती कशी सापडते, ते एखाद्या जुन्या कारागिराने दाखवावे आणि कुणीतरी ते चित्रित करून, लिहून ठेवावे. इतिहास मंडळांनी गडकोटांच्या मोहिमांइतकीच एक मोहीम निगेटिव्हच्या पेट्यांसाठी काढावी : कडांसह स्कॅन, कोऱ्या पाकिटांत जतन, प्रत्येक डागाची नोंद. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही धातूला आकार देणारे हात आहेत. अभ्यासक आणि कारागीर एका टेबलाशी बसले, तर बाबूरावांच्या कॅमेऱ्याच्या पद्धतीची चालती प्रतिकृती घडवणे अशक्य नाही.

२४/
‘पहिला कोण’ या वादात मराठी इतिहासप्रेमींची पुष्कळ शक्ती खर्च होते. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री पहिले होते की दुसरे, याने त्यांच्या कामाचे मोल बदलत नाही. पडदे रंगवणाऱ्या माणसांनी एक परके यंत्र उलगडले, त्यातला अंधार समजून घेतला, एक जण मध्येच गेला तरी काम सोडले नाही आणि अखेर कोल्हापुरात फिल्मवर कोल्हापूर उमटवले, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे. तिचा वारसा सांगणाऱ्याने निदान घरातल्या कॅमेऱ्याचे मागचे दार उघडून पाहावे, त्यातला चिकट फोम काढावा आणि पेटीतल्या निगेटिव्हवरचा काळा पट्टा पुसण्यापूर्वी तो कुठून आला, हे शोधावे.